मंदीतला तेरावा महिना

माझ्या शिक्षणाचा खर्च मालकांनी केला. हे मी कधी कोणापासून लपवले नाही आणि आज सांगतानाही मला त्यात कमीपणा वाटत नाही. माझे वडील वैरागला देवळाची पूजा करीत आणि गावाला पंचांग सांगत. मालक लुगडी विकायला वैरागच्या बाजारात येत, तेव्हा नव्या खरेदीचा मुहूर्त वडिलांना विचारून जात. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी ते ओसरीवर टेकले होते. निकालाचे कळल्यावर म्हणाले, "पोरगं हुशार हाय म्हणता, तर मुंबईला धाडा की. फी मी भरतो."

वडिलांनी हात जोडले. मीही जोडले. माझ्या मनाने ते त्या दिवसापासून बहुधा खाली घेतलेच नाहीत.

बी.कॉम. होऊन मी परत आलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकसुद्धा कोणी नव्हते. वैरागात मला पाहायला माणसे आली. एका म्हातारीने विचारले, "ही बीकॉम म्हंजी डाक्टर का वकील?" वडील जरा थांबून म्हणाले, "हिशोबाचा डॉक्टर." तेवढे तिला पुरले. ती म्हणाली, "मग माझ्या पोराला जरा तपासाय सांग की. त्याचा कसलाच हिशोब लागंना."

सोलापुरात चाटी गल्लीत मालकांचे दुकान होते आणि गावाबाहेर मागांचा कारखाना. मालक आणि त्यांचे थोरले मावसभाऊ असे दोघे भागीदार. या थोरल्यांना दुकानात सगळे काका म्हणत. दुकान चांगले चाले, पण पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे संध्याकाळी कोणी छातीठोक सांगू शकत नसे. गल्ला गादीशेजारी उघडा असे. मालकांना पैसे लागले की ते हात घालत. काकांना लागले की काका घालत. फार झाले तर कागदाच्या कपट्यावर आकडा लिहून तो कपटा पैशांच्या जागी ठेवत. "चिठ्ठी म्हंजे रोकडच की," असे काका म्हणत. दिवस संपताना मुनीम नाण्यांबरोबर चिठ्ठ्याही मोजी आणि शिल्लक बरोबर आली म्हणून वही मिटून टाकी.

मी आल्यावर हे बदलायचे ठरवले. रोज येणारा पैसा एका वहीत त्याच दिवशी चढला पाहिजे. पैसे घेणारा आणि खाते लिहिणारा माणूस एक असता कामा नये. किरकोळ खर्चाला ठरावीक रक्कम वेगळ्या पेटीत ठेवायची, आणि ती संपत आली की पावत्या दाखवून तेवढीच पुन्हा भरून घ्यायची. कॉलेजात हे शिकलो होतो आणि मला ते फार आवडले होते. मालक ऐकून घेत, मान डोलावत, आणि माझे बोलणे चालू असतानाच त्यांचा हात गल्ल्यात जाई. मी गप्प बसत असे. ज्या हाताने माझी फी भरली, तो हात मी कसा धरणार?

तीन वर्षांत माझ्या सुधारणांपैकी निम्म्या रुजल्या. वही रोज लिहिली जाऊ लागली, पावत्यांना क्रमांक आले. चिठ्ठ्या मात्र राहिल्या.

मग मंदी आली. लुगड्यांचे भाव पडले, गिरण्यांचे भोंगे कधी वाजत, कधी वाजत नसत. सुताचे व्यापारी उधारीला नाक मुरडू लागले. भागीदारांनी ठरवले की पेढीची रीतसर कंपनी करायची, म्हणजे बाहेरच्यांचा विश्वास बसेल. कंपनी म्हणजे कागदपत्र, कंपनी म्हणजे मुख्य हिशेबनीस. त्याला माडीवर वेगळी खोली, टेबल, खुर्ची. नेमणूक दिवाळीच्या पाडव्याला व्हायची होती. ती जागा माझी, यात मला शंका नव्हती. मी वडिलांना तसे पत्रही टाकले. वडिलांनी ते देवळात येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवले, असे नंतर कळले.

पावसाळ्यात तो आला.

तो पुण्याचा. त्याची बहीण सोलापुरात एका डॉक्टरांना दिलेली होती, त्या ओळखीने आला. कंपनीचे कागद तयार करायला म्हणून त्याला घेतले. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच पदवीधर. पण त्याचे वडील पदवीधर, आजोबाही पदवीधर. पहिल्याच दिवशी मी त्याला माझ्या पदवीबद्दल सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अरे वा. माझ्या आत्यानेही परीक्षा दिली होती, पण लग्नामुळे राहिलं." यात टोमणा नव्हता. तो सहज बोलला होता, आणि तेच मला लागले. जे मिळवताना माझ्या घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता, ते त्याच्या घरात बायकांचेसुद्धा राहून जात होते.

त्याचे कपडे माझ्यापेक्षा भारी नव्हते. अक्षर मात्र छापल्यासारखे होते. विणकरांशी बोलायला तो महिन्याभरात मोडके तेलुगू शिकला आणि चुकला की स्वतःच आधी हसायचा. मला सोलापुरात राहून इतकी वर्षे झाली होती, पण चुकण्याच्या भीतीने मी तेलुगूचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता. कारखान्यातले लोक त्याला पाहिले की माग थांबवून दोन शब्द बोलत. मला पाहिले की जास्त जोरात माग चालवत.

मी काही समजावू लागलो की तो म्हणे, "सांगा गुरुजी." महिन्याभरात सगळे दुकान मला गुरुजी म्हणू लागले.

एक दिवस दुपारी मालकांनी नेहमीप्रमाणे गल्ल्यात हात घातला. मी खाली मान घालून वही लिहीत होतो. तो समोर बसला होता. तो मोठ्याने म्हणाला, "मुनीमजी, पोलिसाला बोलवा. दुकानात चोर शिरलाय."

माझा टाक थांबला. मुनीम पांढरा पडला. मालकांनी हात तसाच आत ठेवून त्याच्याकडे पाहिले.

"कोन चोर?"

"हा काय, हात अजून गल्ल्यातच आहे. बरं, चोर ओळखीचा आहे, तेव्हा सही करून सुटू शकतो." आणि त्याने मी छापून घेतलेले, तीन वर्षे कोरे पडलेले खर्चाचे पावतीपुस्तक पुढे सरकवले.

मालक इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकांनी पाणी दिले. मग मालकांनी सही केली. त्या दिवसापासून ते सही करू लागले. काकाही करू लागले; सही करताना प्रत्येक वेळी म्हणत, "आलो बाबा चोर, घे लिहून."

पुस्तक माझे, नियम माझा. मला आनंद व्हायला हवा होता. मी घरी जाऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "पोट दुखतंय का?" मी झालेले सांगितले. ती म्हणाली, "मग चांगलंच झालं की. तुमचंच काम झालं."

"माझं काम त्याने केलं."

"काम झाल्याशी मतलब."

हे तिला समजावणे मला जमेना. ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी तशीच राहिली. तिने ती झाकून ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही त्या माणसाबद्दल रोज इतकं बोलता, माझ्या माहेराबद्दल वर्षात इतकं बोलला नाहीत."

खरे होते. तो कोणत्या रंगाची टोपी घालून आला, मालकांनी त्याला चहा आधी दिला की मला, शुक्रवारी कारखान्यातून येताना तो टांग्यात मालकांच्या शेजारी बसला की समोर, हे सगळे माझ्या डोक्यात नोंदले जाई. मालक त्याला 'तुम्ही' म्हणत आणि मला 'तू'. आधी मला त्या 'तुम्ही'चा हेवा वाटे: तो परका असून मानाचा, आणि मी घरचा असून पोरसवदा. मग गणपतीच्या सुमारास मालकांनी त्याला घरी जेवायला बोलावले, पुन्हा बोलावले, आणि एके सकाळी मी त्यांच्या तोंडून ऐकले, "अरे, तू आज मंद्रूपला जाऊन ये की." त्याला! तेव्हा मला कळले की 'तू' हीच माझी खरी इस्टेट होती, आणि तिच्यातही आता वाटेकरी आला.

या सगळ्यात तो माझ्याशी वाईट वागला असे एकदाही झाले नाही. तसे झाले असते तर बरे झाले असते. मला त्याचा राग करता आला असता. हेव्यात ती सोय नसते.

नवरात्राच्या आधी मालकांनी आम्हा दोघांना माडीवर बोलावले. म्हणाले, "पुढल्या वर्साचं अंदाजपत्रक पायजे. कुठल्या म्हैन्यात किती यील, किती जाईल, कधी पैसा कमी पडंल. कंपनी झाली म्हंजे असं दिवसाला बघून चालायचं न्हाय." मग त्याच्याकडे वळून, "तू लिव्ह. अक्षर चांगलं हाय तुझं." आणि माझ्याकडे वळून, "तू त्याला मागले आकडे दे."

मी मागले आकडे दिले. प्रत्येक आकडा पुन्हा तपासून दिला. वर्षभरातली विक्री, सूतखरेदी, विणकरांची मजुरी, नोकरांचे पगार, गोदामाचे भाडे, ठेवीदारांचे व्याज. तो प्रत्येक वेळी म्हणे, "गुरुजी, तुमच्यामुळे माझं अर्धं काम झालं." मी मनात म्हणे, अर्धं नव्हे.

दसऱ्यानंतर बैठक झाली. मालक, काका, मुनीम आणि आम्ही दोघे. आधी अंदाजपत्रक वाचायचे आणि मग नेमणुकीचे पाहायचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याने मोठा कागद भिंतीला टाचला. बारा महिन्यांचे बारा रकाने, वर जमेची बाजू, खाली खर्चाची, तळाला प्रत्येक महिन्याची शिल्लक लाल शाईने. रेघा अशा सरळ की सुतारानेही मान डोलवावी. काका चष्मा लावून जवळ गेले आणि म्हणाले, "आयला! भिंतीला देव टांगल्यागत दिसतंय की."

तो वाचू लागला. कार्तिकात विक्री इतकी, खर्च इतका. मंदी धरून त्याने विक्री कमी केली होती, खर्चही प्रत्येक सदरात थोडा छाटला होता, आणि कुठे का छाटला हे तो एका वाक्यात सांगे. पौषात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेमुळे चादरींची विक्री वाढेल. माघ-फाल्गुनात लग्नसराईसाठी सूत उधार घ्यायचे, माल विणून घ्यायचा. वैशाखात लग्ने, वैशाखात पैसा, वैशाखअखेर सुताच्या उधारीच्या हुंड्या भागवायच्या. मालक मांडीवर थाप मारत होते. मी प्रत्येक रकान्यात चूक शोधत होतो. बेरजा मनातल्या मनात करून पाहत होतो. चूक सापडत नव्हती. असा माणूस चुकतच नाही, असे मला वाटू लागले, आणि मुख्य हिशेबनिसाच्या खुर्चीत तो बसलेला मला आत्ताच दिसू लागला.

तो म्हणाला, "वैशाख झाला. आता ज्येष्ठ."

आणि मला उन्हाळ्यातले वडिलांचे बोलणे आठवले. माझ्या चुलत बहिणीचे लग्न कधी धरायचे यावर घरात खल चालला होता तेव्हा ते म्हणाले होते, पुढल्या वर्षी धराल तर जपून, पुढे अधिक वैशाख आहे.

"कुठला वैशाख?" मी म्हणालो.

"म्हणजे?" त्याने विचारले.

"पुढल्या वर्षी वैशाख दोन आहेत. आधी अधिक, मग निज."

काकांनी चष्मा काढला. आमच्या पेढीचे वर्ष दिवाळी ते दिवाळी. पगार, भाडे, व्याज, सगळे तिथीने चाले. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी दिवाळी ते दिवाळी तेरा महिने होतात. हे त्या खोलीतल्या मुनिमापासून काकांपर्यंत सगळ्यांना जन्मापासून ठाऊक होते. पण त्या कागदावर बारा रकाने इतके नेटके होते की तेरावा कोणाला आठवलाच नाही. मागच्या वर्षी बारा महिने होते. मागले आकडे बाराचेच होते. तो शाळा-कॉलेजच्या वर्षात वाढलेला, त्याने वर्ष म्हणजे बारा धरले.

काका बोटे मोजू लागले. "व्हय की! अधिक हाय की! आमच्या जावयांस्नी धोतरजोडी घ्यायची हाय म्हनून घरात कवापास्नं चाललंय."

मी उभा राहिलो. आवाज माझाच होता, पण मी तो इतका मोठा कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, पगार तेरा महिने द्यावे लागतील, भाडे तेरा महिन्यांचे, व्याजही. हे खर्चाचे झाले. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की अधिक महिन्यात लग्ने होत नाहीत. लुगड्यांची विक्री निज वैशाखात जाईल, म्हणजे पैसा महिनाभर उशिरा येईल. सूत मात्र आपण माघात घेणार आणि हुंडीची मुदत पहिल्या वैशाखअखेर संपणार. त्या महिन्यात गल्ल्यात काहीच नसेल. वर्षअखेर नफा कागदावर दिसेल, पण हुंडी न भागता परत जाईल, आणि एकदा हुंडी परत गेली की नव्या कंपनीला सोलापुरात सुताची एक लड कोणी देणार नाही.

मुनीम पुटपुटला, "मंदीत तेरावा महिना."

मालक माझ्याकडे पाहत राहिले. पुष्कळ दिवसांनी ते नुसते माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, सूत महिनाभर उशिरा घ्यावे, म्हणजे हुंडीची मुदतही तितकी पुढे जाईल. तोवर निम्मे माग चादरींवर ठेवावे, कारण चादरीला मुहूर्त लागत नाही. अधिकात जावयांच्या वाणासाठी धोतरे खपतात, ती आधी विणून ठेवावी. हे सगळे मी आधी ठरवले नव्हते. एकातून एक सुचत गेले.

बोलणे संपवून मी त्याच्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर त्याचा चेहरा कसा पडला आहे ते मला पाहायचे होते.

तो भिंतीवरच्या कागदाकडे पाहत होता. मग त्याने कपाळावर हात मारला आणि हसू लागला. "म्हणजे मी सबंध दुकानाला एक महिना उपाशी ठेवलं! मुनीमजी, तुम्ही माझ्यावर फिर्याद करा. काका, तुमच्या जावयांना तर मी नागडंच परत पाठवत होतो!"

काका हसता हसता मागे कलंडले. मालक हसले. मुनीम, जो कधी हसत नसे, तोही हसला. कागदाजवळून तो पुणेकर माझ्याकडे आला आणि माझा हात धरून सगळ्यांना म्हणाला, "हा माणूस नसता तर मी कंपनी बुडवली असती." मग कागदाच्या कडेला पट्टी धरून त्याने तिथल्या तिथे तेरावा रकाना आखला आणि माझ्यापुढे टाक केला, "आकडे तुम्ही घाला, गुरुजी."

मी आकडे घातले. माझे अक्षर त्याच्या अक्षराशेजारी कोंबड्याच्या पायांसारखे दिसत होते. तो कागद पुढे वर्षभर भिंतीवर राहिला. अधिक वैशाख कर्ज न काढता गेला, आणि दुकानात त्या कागदाला लोक त्याच्याच नावाचे अंदाजपत्रक म्हणत राहिले.

बैठकीहून घरी जाताना मात्र मी तरंगत होतो. सिद्धेश्वराच्या तळ्याकडून वळसा घेऊन गेलो. मला वाटले, आता प्रश्न मिटला. चूक त्याची निघाली, उपाय माझा निघाला. बायकोला सांगितले. ती म्हणाली, "मग आज तरी नीट जेवा."

पाडव्याला नव्या वह्यांची पूजा झाल्यावर मालकांनी सगळ्यांना पेढे दिले आणि सांगितले की कंपनीचा मुख्य हिशेबनीस म्हणून त्याला नेमले आहे.

मी पेढा तोंडात घातला होता. गिळेपर्यंत बराच वेळ गेला. तो खाली वाकून काकांच्या पाया पडत होता. मला वैरागचे देऊळ दिसले आणि त्यात पत्र वाचून दाखवणारे वडील दिसले.

दोन दिवस मी कामावर गेलो, वही लिहिली, कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मालक एकटे माडीवर होते. मी वर गेलो आणि दारात उभा राहिलो.

"ये की. उबा का?"

मी म्हणालो, "मालक, माझं काय चुकलं?"

"तुझं? कुटं काय चुकलं?"

"ती जागा..."

मालक म्हणाले, "ती जागा त्यानं मागितली."

"मागितली?"

"व्हय. आल्याबरोबर मागितली. मग गणपतीत परत मागितली. म्हनला, मला ही जागा द्या, न्हायतर मला मुंबईचं बोलावनं हाय. त्या चुकीच्या दुसऱ्या दिवशी तर सकाळी घरी आला. म्हनला, चुकलो खरा, पन जागा मला पायजेच. तू कवा तोंड उघडलंस?"

"मी कसं मागणार, मालक? तुमचे इतके उपकार—"

"उपकार!" ते एकदम रागावले. इतके रागावलेले मी त्यांना पाहिले नव्हते. "फी भरली म्हंजे तुझं तोंड शिवलं का मी? चार वर्सं झाली, तू माझ्यासमोर देवासमोर बसल्यागत बसतोस. मी गल्ल्यात हात घातला तर तू मान खाली घालतोस. तो मला चोर म्हनला. हिशेबनीस मला चोर म्हननारा पायजे का मान खाली घालनारा?"

 खाली मुनीम कोणाशी तरी भावावरून घासाघीस करत होता, ते ऐकू येत होते.

मालकांचा राग आला तसा गेला. ते म्हणाले, "आता तरी माग."

"आता काय मागू? जागा तर गेली."

"जागा गेली. बाकीचं दुकान हाय की."

मी दारातून आत आलो. बसलो नाही. म्हणालो, "पैसा त्याच्याकडे राहील आणि वहीही त्याच्याच हाताखाली राहील, हे बरोबर नाही. तपासणी वेगळी पाहिजे. ती माझ्याकडे द्या. मी त्याच्या हाताखाली नसेन. मी थेट तुम्हाला सांगेन, आणि तुमच्या सह्यासुद्धा तपासीन."

"दिली. आनखी?"

"पगार त्याच्याइतका."

"त्याच्याइतका?"

"एक रुपया कमी नको."

"मग एक जास्त माग की. मागायलाच बसलास तर."

"नको," मी म्हणालो. "जास्त नको. बरोबर तितकाच."

मालकांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिले आणि मग त्यांच्या मिशा हलल्या. "लई जळतोस गड्या तू त्याच्यावर."

मुंबईत चार वर्षे राहून मी जी बोली जिभेवरून पुसून टाकली होती, ती आपोआप तोंडात आली. "व्हय, मालक," मी म्हणालो. "लई."

ते हसले आणि मीही हसलो. जिना उतरताना माझे पाय हलके होते. पहिल्यांदा मी त्यांच्याकडून काही मागून घेतले होते, आणि मागून घेतलेल्या गोष्टीबद्दल हात जोडावेसे वाटत नव्हते. त्या रात्री मी वडिलांना पत्र लिहिले, की जागा दुसऱ्याला मिळाली, पण त्या दुसऱ्यावर नजर ठेवायचे काम मला मिळाले. वडिलांना ते पहिल्यापेक्षा मोठे वाटले असावे. त्यांनी तेही पत्र देवळात वाचून दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माडीवरच्या नव्या खोलीतून खाली आला, तो सरळ माझ्याकडे. चेहरा उजळलेला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"झालं ना मनासारखं, गुरुजी? फार बरं झालं. मी मालकांना पाडव्याआधीच सांगितलं होतं, की माझ्यावर तपासणीला तुम्ही नसाल तर मला ही खुर्ची नको. परवा पुन्हा विचारलं तर म्हणाले, थांब, त्याच्या तोंडून येऊ दे. आणि पगाराचं तर मी आज बोलणारच होतो. आपण दोघे सारखे, पगार वेगळा कशाला?"

तो खरे बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर खोटे कधी टिकत नसे. मी माझ्या बळावर आयुष्यात पहिल्यांदा जे मागून घेतले होते, ते त्याने माझ्यासाठी आधीच मागून ठेवले होते.

मी त्याचे आभार मानले. मानावेच लागले. माझ्या उपकारकर्त्यांत आणखी एक वाढला, आणि तो हा.

मग मी त्याच्याकडून आदल्या दिवसाची रोजवही मागून घेतली आणि पावत्यांसकट दुपारपर्यंत तपासली. चूक नव्हती. जेवून आल्यावर पुन्हा तपासली.